तांदळाएवढं

धुकं उठेपर्यंत वाटाण्याला हात लावायचा नाही, असं उत्तमचं म्हणणं. ओल्या शेंगा पोत्यात भरल्या की चौमूंच्या मंडीत पोचेपर्यंत डागतात. यमुनाबाईला ते मान्य नव्हतं. तिला नवाच्या आत तीन ओळी उरकायच्या असत, कारण नवानंतर नातवाचं तोंड.

"शेंगा वायतीन ना चादरीवर," ती म्हणाली. "तुम्ही निरा उभे राहून पाहा. तीस वर्सं रुळावर काढली, अजून सिग्नलची वाट पाहून रायले."

"सिग्नल नसला तं गाडी पडते," उत्तम म्हणाला, पण तोही वाकला.

रविवार होता, म्हणून गौतमीही शेतात होती. एरवी ती सकाळी सहाला घर सोडायची. पाच किलोमीटर चौमूंपर्यंत जीपनं, तिथून जयपूरची बस, मग जगतपुऱ्याची. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती ग्रंथपाल होती. घरी यायला सात व्हायचे. जानेवारीच्या थंडीनं तिची बोटं वळत नव्हती, आणि ती एक ओळ करेपर्यंत आईच्या दोन व्हायच्या. यमुनाबाई दोन्ही हातांनी तोडत असे, डावीकडे न बघता डावी शेंग, आणि लुगड्याचा ओटा भरला की चादरीवर ओतून परत.

शेत घीसारामचं. घीसारामचे गुडघे वाकत नव्हते आणि पाठ सरळ होत नव्हती. गावातल्या जुन्या हातपंपाचं पाणी चाळीस वर्षं प्यायल्याचा तो परिणाम. आता त्या पंपाच्या दांड्याला लाल रंग फासला होता आणि भिंतीवर सरकारनं लिहिलं होतं की हे पाणी पिऊ नये, यात फ्लोराइड आहे. घीसाराम रोज त्याच भिंतीला टेकून उन्हात बसे. त्याला वाकता येत नाही म्हणूनच त्याचे दोन बिघे उत्तमला बटईनं, अर्ध्या वाट्यावर, मिळाले होते. मूर्तिजापूरचा माणूस, रेल्वेत ट्रॅकमन म्हणून या लाइनवर आला, निवृत्त झाला आणि नातवासाठी इथेच राहिला.

नातू संकल्प, गौतमीचा मुलगा, बांधावरच्या खाटेवर, दोन गोधड्यांत. सात वर्षांचा. दिवस भरायच्या आत जन्मलेला. हातपाय ताठ, बोलणं नाही, अधूनमधून फीट. घास गालात धरून ठेवायचा आणि तासाभरानं गिळायचा. ओठाला कुणाचं बोट लागलं की जबडा खटकन मिटायचा. तो त्याच्या हातात नव्हता, त्याचा त्यालाच त्रास व्हायचा. त्याचा बाप मंगेश तीन वर्षांपूर्वी भुसावळला बदली घेऊन गेला. बदली त्याच्या एकट्याचीच झाली.

नऊ वाजले. यमुनाबाईनं ओटा झटकला, घरी येऊन हात साबणानं धुतले, आणि अंगणात वेताचे दोन बुटके मुड्डे समोरासमोर मांडले.

एकावर उत्तम बसला, एकावर ती. गुडघ्याला गुडघा. पोराचे पाय उत्तमच्या कमरेशी, हात उत्तमच्या हातांत, आणि डोकं आजीच्या मांडीवर, तोंड आभाळाकडे. तिच्याजवळ जुन्या ब्रशची एक दांडी होती, तिला मऊ धोतराची पट्टी गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. ती मागच्या दाढांच्या मध्ये सरकवली की तोंड उघडं राहायचं. सरकवणं हेच खरं काम. पोरानं दात घट्ट मिटले होते.

यमुनाबाई खाली वाकली आणि बारीक, घाबऱ्या आवाजात म्हणाली, "मले भेव लागते रे बाप्पा. हा वाघ माहं बोट खाते का काय. मले लय भेव लागते."

पोराचे डोळे तिच्याकडे वळले. नाकातून एक फुसका आवाज आला, तो त्याचा हसण्याचा. जबडा सैल पडला, आणि तेवढ्यात दांडी आत गेली.

गौतमी दारात उभी होती. हे ती नेहमी दारातूनच बघायची, हातात फोन घेऊन.

"आई, त्याला असं घाबरवू नको. त्याला सगळं समजतं."

"समजते म्हणून तं हासते."

"लहान मुलासमोर भीतीचे शब्द वापरू नयेत. मी वाचलंय."

"वाच, वाच," आई म्हणाली. बोट आत फिरत होतं, गालाच्या पोकळीत अडकलेली बाजरीच्या खिचडीची कणी बाहेर आली. मग ब्रश. हिरड्यांच्या कडेकडेनं, बारीक गोल गोल, जणू भांड्याच्या काठाचं करपलेलं काढतेय. उत्तम पोराचे हात धरून आकडे म्हणत होता. साठ झाले की बाजू बदलायची.

झाल्यावर पोराला उचलताना गौतमीला आईच्या बोटांचा वास आला. गार, पुदिन्यासारखा.

"हे काय लावलंस?"

"चटनी वाटली ना सकायी. पुदिन्याची."

"ती रेल्वेच्या डॉक्टरची पेस्ट पुन्हा आणली नाहीस ना?"

दोन वर्षांपूर्वी यमुनाबाई स्वतःच्या कवळीसाठी रेल्वेच्या दवाखान्यात गेली होती आणि तिथे तिनं नातवाचं विचारलं होतं. मुड्डे मांडायची रीत त्याच डॉक्टरनं शिकवली. सोबत एक ट्यूबही दिली, रोज एवढीशी लावा म्हणून. गौतमीनं ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली, त्यात फ्लोराइड शब्द दिसला, आणि तिनं ती ट्यूब उकिरड्यावर फेकली. आईला अंगणात नेऊन भिंतीला टेकलेला घीसाराम दाखवला. तेव्हापासून घरात हिरव्या खोक्यातली पेस्ट येई, कडुनिंब-लवंगेची. आणि प्यायला मशीनचं गाळलेलं पाणी.

"नाही व बाई."

"मी त्यावर वाचलंय, आई. तुला काय कळतं त्यातलं?"

यमुनाबाईनं आपली कवळी काढली, तांब्यातल्या पाण्यानं खळखळ धुतली, पुन्हा बसवली आणि हसली. "माह्या तोंडात एक दात नाही. मले दाताचं काय कयते!"

उत्तम मुड्डे उचलून आत घेऊन गेला.

संध्याकाळी त्यांनी शेंगांची चार पोती शिवली. गौतमीनं रात्रीची भाकरी केली. आईनं तिला सांगितलं की तुझ्या निळ्या स्वेटरची बाही उसवली आहे, काढून ठेव. बाकी त्या दिवसात काही झालं नाही.

*

सोमवारी अकराच्या सुमारास गौतमी कॉलेजात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. फोन शेजारच्या भंवरीचा, घीसारामच्या बायकोचा.

"बाई, घर आ जा. थारी मां खेत में पड़ गी."

"पड़ गी मतलब? पाय घसरला?"

फोनवर मागे उत्तमचा आवाज येत होता, तो कुणाला तरी गाडी पुढे घ्यायला सांगत होता.

चौमूंच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. भंवरीनं नंतर सांगितलं की यमुना ओळीत वाकलेली होती, ती तशीच पुढे बसली, जणू काही शोधतेय. तिला उचललं तेव्हा ओटा सुटला आणि शेंगा सगळीकडे पडल्या. त्या कुणी वेचल्या नाहीत.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदन झालं. जयपूरच्या रेल्वे कॉलनीतली आठ-दहा माणसं आली, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी यमुनाबाईचा फोटो, पेन्शनच्या फॉर्मवरचा मोठा करून घेतलेला. सगळ्यांनी वंदना म्हटली. मंगेशचा फोन आला, रजा मिळत नाही म्हणाला.

त्या सात दिवसांत संकल्प रडत होता. मोठ्यानं नाही, एकसारखा, विहिरीवरच्या रहाटासारखा. येणारा प्रत्येक जण त्याला गप्प करायला काहीतरी तोंडात घाली. कुणी बत्तासा, कुणी पेढा. भंवरी फडक्यात गूळ बांधून त्याला चोखायला देई. "टाबर छे, दादी नै ढूंढे छे," म्हणे. पोर आजीला शोधतंय. आणि रात्री फीटचं औषध, गोड, गुलाबी, ते गालात धरून तो झोपे. आई औषधानंतर ओल्या फडक्यानं तोंड पुसायची. गौतमीनं ते सगळं बघितलं. तिनं कुणाचा हात धरला नाही, कारण तो गप्प होत होता.

आठव्या दिवशी तिनं मुड्डे मांडले.

रजा वाढवून घेतली होती. इंटरनेटवरून तिनं दोन पानं छापून आणली होती, विशेष मुलांची मुखस्वच्छता, चित्रांसह. ती तिनं पाठ केली. उत्तमनं पाय धरले. तिनं डोकं मांडीवर घेतलं, आणि पानात लिहिलं होतं तसं शांत, सपाट आवाजात म्हणाली, "संकल्प, आता आपण दात घासणार आहोत. तोंड उघड."

त्यानं तोंड मिटलं. ती दांडी ओठाशी नेई, जबडा आणखी आवळे. दाबून बघितलं, तर ओठ दातावर चिरडून रक्त आलं. रक्त दिसताच तिनं दांडी मागे घेतली. दुसऱ्या वेळी दांडी जेमतेम आत गेली आणि तिचं बोट सोबत गेलं. तो चावला. मुद्दाम नाही, ते तिला ठाऊक होतं. पण जबडा सुटत नव्हता, आणि ती ओरडत होती, आणि तिच्या ओरडण्यानं तो अधिक आवळत होता. शेवटी उत्तमनं त्याच्या गालाच्या सांध्यावर अंगठा दाबला तेव्हा बोट सुटलं. नख दोन दिवसांत काळं पडलं.

"तुम्ही करून बघा, बाबा."

उत्तमनं आपले हात पुढे केले. रुळांचे बोल्ट आवळून आवळून बोटं सुजल्यासारखी जाड झालेली, टोकं फाटलेली. "हे आत गेलं तं पोरगं गुदमरून मरन," तो म्हणाला. "मले त्याचं तोंड उघडता येत नाही व. तिलेच येत होतं."

मग त्यांनी काही दिवस फक्त ओठ पुसले.

वाटाणा जून व्हायला लागला. उत्तम एकटा तोडत होता आणि अर्ध्या ओळी पिवळ्या पडत होत्या. गौतमी अंगणात बसून पोराला भरवायचा प्रयत्न करी. तिसऱ्या आठवड्यात त्यानं उजव्या गालावर हात मारायला सुरुवात केली. वाकडी मूठ उचले आणि गालावर आपटे. पहिल्यांदा तिला वाटलं, सवय. मग बघितलं तर पहिला गार घोट गेला की मारतो. मग खाणंच सोडलं. वाटी बघितली की मान फिरवी.

"दांत में कीड़ो लाग ग्यो कांई?" भंवरीनं विचारलं. तिच्या हातात गुळाचं फडकं होतं. गौतमीनं ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि चुलीत टाकलं. भंवरी बघत राहिली. "गुळ तो म्हें रोज देती, बाई," ती म्हणाली. "जद तो थूं बोली कोनी." मी रोज द्यायची, तेव्हा तर तू बोलली नाहीस.

तो झोपला तेव्हा गौतमीनं फोनचा दिवा लावून ओठ हळूच वर केला. पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरी रेघ, खडूसारखी. आतल्या बाजूला दाढेवर तपकिरी खड्डा. त्यातून वास येत होता. ती दिवा विझवून तिथेच जमिनीवर बसली.

तिला भीती दाताची नव्हती. संकल्प चार वर्षांचा असताना पायाच्या शिरांचं ऑपरेशन झालं होतं. बेशुद्ध केलं, आणि तो जागा झाला नाही. दोन दिवस मशीनवर होता. ओठ जांभळे. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की याची छाती कच्ची आहे, पुढच्या वेळी फार विचार करून. असं पोर खुर्चीत तोंड उघडून बसणार नाही. दात काढायचा तर बेशुद्ध करावं लागणार, एवढं तिनं वाचलं होतं. पुढचं वाचायचं तिनं थांबवलं.

*

डॉक्टर अलका यांचा दवाखाना आदर्श नगरात होता, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. अशा मुलांचे दात त्या बघतात असं रेल्वे कॉलनीतल्या कुणीतरी सांगितलं. उत्तमनं पोराला पाठीवर बांधून बसमधून आणलं.

"बसा ना काका," डॉक्टर म्हणाल्या. पन्नाशीच्या, केस आखूड. "आम्ही मूळचे सांगलीचे, वडील बँकेत होते. माझा जन्म इथलाच. माझी मराठी जरा… मतलब, सांभाळून घ्या."

"चांगली हाये जी," उत्तम म्हणाला. एवढ्यावरही त्याचा चेहरा सैल पडला.

दोन मदतनीस बायांनी पोराला चादरीत गुंडाळलं. उत्तम खुर्चीवर आडवा झाला आणि त्याला पोटावर घेतलं. रबराची पाचर दातांत गेली. संकल्प किंचाळला आणि गौतमी बाहेर व्हरांड्यात आली. भिंतीवर दात घासणाऱ्या हत्तीचं चित्र होतं. ती हत्तीच्या पायाची नखं मोजत उभी राहिली.

"ताई, आत या. तुम्हाला बघायला लागेल."

ती दारापर्यंत गेली.

"हे पुढचं पांढरं, हे नवं आहे. आता आता सुरू झालं," डॉक्टर म्हणाल्या. "पण ही दाढ बघा." त्यांनी सळईचं टोक खड्ड्यात टेकवलं. टक आवाज आला. "ऐकलं? एकदम काच. कडक. हा खड्डा जुना आहे, पण थांबलेला होता. आणि आता ही कड," टोक सरकलं, आवाज आला नाही, "ही नरम झाली. इथून परत चालू झालंय. रोज कोण साफ करत होतं?"

"आई. महिना होईल, ती गेली."

डॉक्टरांनी सळई बाजूला ठेवून विचारलं, "पेस्ट कोणती?"

गौतमीनं पिशवीतून हिरवं खोकं काढलं. "बिनाफ्लोराइडची. आमच्या गावात पाण्यात फ्लोराइड आहे, माणसं वाकलीत. म्हणून पाणीही आम्ही मशीनचंच पितो."

"म्हणजे पाण्यात नाही आणि पेस्टमध्येपण नाही." डॉक्टरांनी खोकं फिरवून बघितलं. "ताई, ते पाणी माणूस घागरीनं पितो, वर्षानुवर्षं. ते हाडात जातं. हे दाताला वरून लावायचं असतं. मोठ्या मुलांना वाटाण्याएवढं. ह्याला थुंकता येत नाही, म्हणून तांदळाच्या दाण्याएवढं. त्यानं दात कडक होतो. तेच तुम्ही बंद केलंत. मग मला हे समजत नाही, की ही कीड अडली कशानं? नुसतं पाण्यानं घासून एवढी अडत नाही."

पोर दमून उत्तमच्या छातीवर हुंदके देत होतं. उत्तम छताकडे बघत होता, उताणा, हात पोराभोवती.

"ती लावत होती," तो म्हणाला.

"काय?"

"पेस्ट. त्याच डॉक्टरची. मीच आणत होतो चौमूंहून." तो छताशीच बोलत होता. "तांदयाएवढं. बोटाच्या टोकावर घेऊन मले दाखवायची, एवढं बरोबर हाये ना व्हो, म्हणे. तू बसमध्ये बसली की सकायी एकदा. रविवारी तुह्यासमोर, चटनी वाटून ठेवायची पहिले, वास येते म्हणून."

गौतमीला काळ्या नखात ठणका जाणवला. तिनं ते बोट मुठीत धरलं.

"मग मला का नाही सांगितलं? नंतर तरी? महिनाभर?"

"तू शिकलेली," उत्तम म्हणाला. "तुह्यासमोर काय सांगू? आणि ती गेली, मग कोण लावन? तोंड तं उघडत नाही."

डॉक्टरांनी मदतनिसाला काहीतरी आणायला पाठवलं. मग त्या गौतमीजवळ आल्या.

"बेशुद्ध करावं लागेल का?" गौतमीनं विचारलं.

"आज नाही. कीड अजून दाताच्या नसेपर्यंत गेलेली नाही असं दिसतं, थोडंच अंतर आहे. मी एक औषध लावते, चांदीचं असतं त्यात. ड्रिल नाही, सुई नाही. कीड तिथेच मरते. पण जिथे कीड आहे तिथे काळं होणार. पुढच्या दातांवरपण. एकदम काळं, आणि ते जात नाही. लोक विचारतील."

"काये होऊ द्या," उत्तम म्हणाला.

"आणि मागे बघा, ही नवी दाढ येतेय. ही पक्की, जन्मभराची. हिला वाचवायचं आहे. फीटचं औषध बिनसाखरेचं मिळतं का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, तोपर्यंत आधी औषध, मग घासणं. उलट नाही. गूळ, बत्तासा काही नाही. तीन महिन्यांनी परत आणा." डॉक्टरांनी तिच्याकडे सरळ बघितलं. "मी औषध लावू शकते, ताई. रोज दोन वेळा ते तोंड मी उघडू शकत नाही. ते घरी झालं, तर मला ह्याला बेशुद्ध करावं लागणार नाही. नाही झालं, तर दाढ काढायला न्यावंच लागेल. तुमची आई जे करत होती, तेच. तुम्हाला येतं ना?"

"हो," गौतमी म्हणाली.

उत्तमनं मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि परत छताकडे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उशिरा उठलं. उत्तम शेताकडे गेला नाही. त्यानं कपाटावरून यमुनाबाईचा पत्र्याचा डबा काढला. आत कवळी, कापसात ठेवलेली. तिच्याखाली ट्यूब. खालून वर घट्ट गुंडाळत आणलेली, शेवटच्या दोन बोटांएवढी उरलेली. त्यानं ती गौतमीच्या हातावर ठेवली आणि मुड्डे बाहेर नेले.

भंवरी भिंतीपलीकडून बघत होती. संकल्पचे पुढचे दात शाईत बुडवल्यासारखे दिसत होते. "हाय राम," ती म्हणाली, "डॉक्टरणी तो काळा कर दिया." मग चुलीत गेलेलं फडकं आठवून म्हणाली, "दूध फीको ल्याऊं?" बिनसाखरेचं दूध आणू का.

"आण," गौतमी म्हणाली. "आणि काकी, त्या दिवशी मी…"

"रैबा दे," राहू दे म्हणत भंवरी आत गेली.

गुडघ्याला गुडघा. पाय उत्तमच्या कमरेशी. डोकं गौतमीच्या मांडीवर, तोंड आभाळाकडे. पोराचं वजन घटलं होतं, मानेच्या शिरा दिसत होत्या. गौतमीनं बोटाच्या टोकावर पेस्ट घेतली आणि उत्तमपुढे धरली.

"कमी कर," तो म्हणाला. तिनं पुसून कमी केली. "हां. एवढं."

तिनं दांडी उचलली. आईनं बांधलेला दोरा तसाच होता, दोन गाठी आणि वर एक. दांडी ओठाजवळ गेली, आणि संकल्पनं दात आवळले. कडेला स्नायू उठून दिसला, सुपारीएवढा. आता तो रडायला लागेल, मग दांडी लागेल, मग रक्त. तिनं दांडी ओठाशीच धरून ठेवली. ओठ जांभळे दिसले. ते थंडीनं आहेत हे तिला कळत होतं, तरी ते तिला त्या दोन दिवसांतलेच वाटले, मशीनवरचे.

"होत नसन तं राहू दे," उत्तम म्हणाला. "दुपारी पाहू."

दुपारी म्हणजे उद्या, उद्या म्हणजे तीन महिने. तिनं दांडी खाली आणली नाही. ती वाकली. इतकी, की तिचा श्वास पोराच्या कपाळावर पडला.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

आवाज बारीक निघाला, आणि फाटलेला. तो मुद्दाम काढलेला नव्हता. संकल्पचे डोळे फिरले, शोधत, आणि तिच्या तोंडावर थांबले.

"मला फार भीती वाटते रे."

नाकातून फुसकन हवा आली. पुन्हा एकदा आली. काळे दात दिसले, सुपारीएवढी गाठ विरली, आणि तिनं दांडी आत सरकवली. ती बसली. बोट आत गेलं, गरम, ओल्या जागी, जिथे, त्या एका चाव्याखेरीज, ती सात वर्षांत कधी गेली नव्हती. गालाच्या पोकळीत कालची कणी होती. ती काढली. मग ब्रश, हिरडीच्या कडेनं, बारीक गोल गोल. उत्तम हलक्या आवाजात आकडे म्हणायला लागला. पाच. सहा. सात.

तिचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. नवी दाढ ब्रशखाली लागली, खरखरीत, अर्धी वर आलेली. तिच्यावर ती थांबून थांबून फिरली.

"आई," ती म्हणाली. उत्तमचे आकडे थांबले. "आई, मी भीत होते. मी ते तोंड बघायला भीत होते, म्हणून दारात उभी राहून वाचायची. त्याच्या दातांना मी एकदाही हात लावला नाही, आणि तुला म्हणाले, तुला काय कळतं. तुला कळत होतं, आई. भीती मला वाटत होती."